तिच्या जागी बसून

१

माझ्या कामाला एक क्रम आहे आणि तो मीच ठरवलेला आहे. सकाळी दहाला फाटकातून आत जायचे. चहा नाकारायचा, कारण चहा घेतला की तपासणारी बाई पाहुणी होते. आधी वास घ्यायचा, मग पाहायचे, मग विचारायचे. फिनेल रोज वापरतात की आजच ओतले, हे नाकाला डोळ्यांच्या आधी कळते. नळाच्या गरम पाण्याचे तापमान मोजायचे. औषधांच्या कपाटाचे कुलूप ओढून पाहायचे. मागचे दार आतून एका धक्क्यात उघडते का, ते स्वतः धक्का देऊन ठरवायचे. हे सारे साडेअकरापर्यंत उरकते. त्यानंतर प्रश्नावली.

बौद्धिक अक्षमता असलेली जी प्रौढ माणसे निवासगृहांत राहतात, त्यांच्यासाठी ही प्रश्नावली आहे. प्रश्न चोवीस. इथे तुमच्यावर कोणी ओरडते का? दार लावून एकटे बसावेसे वाटले तर बसता येते का? प्रत्येक प्रश्नाबरोबर तीन चेहऱ्यांची कार्डे पुढे ठेवायची: हसरा, सपाट, रडका. बोट ठेवले तरी उत्तर झाले. प्रश्न तीनदा विचारायचा आणि दर वेळी तीस सेकंद थांबायचे. तरीही उत्तर आले नाही, तर त्या व्यक्तीला रोज सांभाळणाऱ्याने प्रतिनिधी म्हणून उत्तर द्यायचे. इथे नियम नऊ लागू होतो: प्रतिनिधीने रहिवाशाच्या जागी बसून, प्रथमपुरुषी बोलावे. ‘ती खूश आहे’ असे म्हणायचे नाही. ‘मी खूश आहे’ असे म्हणायचे.

नियम नऊ माझा. सहा वर्षांपूर्वी समितीच्या बैठकीत एका सहकाऱ्याने ‘आपण रहिवाशाच्या जागी आहोत अशी कल्पना करून’ असा मजकूर सुचवला होता. मी तो पाल्हाळ म्हणून खोडला. ‘जागी बसून’ सुटसुटीत होते. वाक्य देखणे व्हावे म्हणून अर्थ सैल सोडण्याची माझ्या हातून घडलेली ती बहुधा एकमेव चूक, आणि तिच्याकडे आजवर कोणाचेही लक्ष गेलेले नव्हते.

२

चावीवाला कार्यालयात आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. मी एकटीच जेवते, त्यामुळे कोणी आल्यास अडचण होत नाही.

“मॅडम, मी किल्ल्या करतो. चौकात टपरी आहे माझी. बहिणीचं बोलायचंय.”

“तक्रार आहे का?”

“तक्रार कसली? तिथं सगळं चकाचक आहे. माझ्या घरापेक्षा बरं. तीच तर पंचाईत आहे.”

मी त्याला बसायला सांगितले. तो खुर्चीच्या कडेवर बसला. बोटांच्या रेषांत पितळेचा कीस अडकलेला होता.

“ताईला एकच शब्द येतो. नको. वाढलं तरी नको म्हणते आणि ताटावर येऊन बसते. ताट उचललं तरी नकोच. आई म्हणायची, हिच्या गळ्यात हार घातला तरी नको आणि काढून घेतला तरी नको. पण मॅडम, चाळीस वर्षं ऐकतोय मी. मला तिचा प्रत्येक नको वेगळा कळतो. लांबून बघाल तर चाव्यापण सगळ्या सारख्याच असतात.”

“मग अडचण काय आहे?”

“आठ महिने झाले तिला तिथं ठेवून. दर रविवारी जातो. गेल्या तीन महिन्यांत एकदापण ‘नको’ म्हणाली नाही.”

“दुसरे काही शिकल्या असतील.”

“असेल बा. शिकलेल्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं.” हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटले, की टोमणा होता हे नंतर माझ्या लक्षात आले. “माझी एक खोली आहे. बायको म्हणते, आणा त्यांना, आपण सरकून झोपू. पण ताई तिथं सुखात असेल तर मी कशाला तिला हलवू? आणि नसेल, तर पहिल्या तारखेच्या आत बघायला हवं. कायमच्या संमतीवर सही मागतायत. एकदा सही झाली की तिला परत आणता येत नाही. तुम्ही तपासायला जाणारच आहात, तर मला एवढंच सांगा, ती खरंच बरी आहे का? तुम्ही सांगाल ते मी करीन.”

आजवर माझ्या अहवालांवरून इमारतींचे परवाने ठरले आहेत. एखाद्या माणसाने कुठे झोपावे हे माझ्या एका वाक्यावर प्रथमच ठरणार होते. मी म्हटले, “मी स्वतः येऊन सांगेन.”

“फोन केला तरी चालेल,” तो म्हणाला, आणि टपरीचा नंबर एका कागदावर लिहून दिला.

३

निवासगृह दुमजली होते. एका बाजूला धोबीखाना, दुसऱ्या बाजूला वह्यांचे गोदाम. रस्त्यावर दिवसभर इस्त्रीची वाफ आणि नव्या कागदाचा वास. आतमध्ये मला एकही खोट सापडली नाही. पाणी एकेचाळीस अंश. मागचे दार एका धक्क्यात उघडले. चादरींच्या घड्या इतक्या सरळ होत्या की मी एक उलगडून पाहिली, आतूनही स्वच्छ.

“आपण बसावं,” व्यवस्थापिका म्हणाल्या. “आपल्याला जे विचारायचं ते विचारावं. मोठी मावशी आहेच मदतीला.” एवढे बोलून त्या आपल्या खोलीत गेल्या, त्या दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दिवाणखान्यात नऊ बायका नऊ खुर्च्यांवर बसल्या होत्या. धाकटी एकतीस वर्षांची, थोरली साठीची. त्यांना रोज सांभाळणारी मोठी मावशी पन्नाशीतली, रुंद बांध्याची, हाक मारून मारून आवाज बसलेली बाई होती. ती एकीच्या केसांतून फणी फिरवत होती.

“आम्ही आज केस धुतले,” ती मला म्हणाली. “आम्हाला ना, डोळ्यांत साबण गेलेला मुळीच खपत नाही.”

हे ‘आम्ही’ ओळखीचे आहे. कडेवरच्या तान्ह्याच्या वतीने प्रत्येक आई ते बोलते: आम्ही आज दूध प्यायलो नाही, आम्हाला राग आलाय. त्यात काही वाईट नाही; पण ज्यांचे केस पिकू लागले आहेत, त्यांच्या वतीने ते बोलण्याला माझा तात्त्विक विरोध आहे. कर्ता कोण, हे त्यातून कळत नाही.

“आम्ही जेवलो, असं तुम्ही नोंदवहीत लिहिता,” मी म्हटले. “जेवलं कोण? त्या की तुम्ही?”

“दोघी जेवलो बाई. मी काय उपाशी राहू?”

“आणि ‘मुली’ लिहू नका. या साठ वर्षांच्या आहेत.”

“मग काय लिहू, म्हाताऱ्या? रुसतील की.” फणी क्षणभर थांबली. “तुम्ही फार एकेक शब्द धरून बसता हो. घरी कोण ऐकून घेतं तुमचं?”

मी कार्डे काढली.

चावीवाल्याची ताई खिडकीजवळ होती. लहान चणीची, मान किंचित कललेली, दोन्ही अंगठे मुठींत कोंडलेले. मी पहिला प्रश्न तीनदा विचारला आणि तीनदा तीस सेकंद थांबले. ती माझ्याकडे पाहत होती; पण कार्डांकडे पाहिले नाही आणि ओठ हलले नाहीत.

“राहू द्या,” मावशी पुढे आली. “तुमच्या कागदात आहे ना लिहिलेलं? जागी बसून. ऊठ गं राणी.”

तिने ताईला हाताला धरून उठवले, खुर्चीमागे उभे केले, आणि स्वतः तिच्या खुर्चीत बसली.

मला हसू आले. मग लक्षात आले की आक्षेप घेण्याजोगे त्यात काही नाही. शब्द माझेच होते, आणि एखाद्या वाचकाने ते पहिल्यांदाच जसेच्या तसे वाचले होते.

“इथे तुम्हाला बरं वाटतं का?” मी विचारले.

मावशी थांबली. तिचे अंगठे हळूहळू मुठींत गेले. माझ्या हातात वेळ मोजायचे घड्याळ चालू होते, चौदाव्या सेकंदाला ती म्हणाली, “मला इथं बरं वाटतं.”

घोगरेपणा गेला होता. तो आवाज बारीक, सपाट आणि दम न लागलेला होता. वर्षानुवर्षे एखाद्याचे करणारा माणूस त्याच्या लकबी उचलतो, हे प्रसिद्ध झालेले निरीक्षण आहे. मी रकान्यात ‘प्र’ लिहून त्याभोवती वर्तुळ केले.

नऊ जणींची उत्तरे घ्यायला अडीच तास लागले. कबूल करायला हवे, की सहाव्या प्रश्नानंतर मी तीनदा थांबणे सोडले होते. मी एकदा थांबत होते आणि मावशी खुर्च्या बदलत होती. जी उठे ती मागे उभी राही. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर असे.

मी पिशवी भरत असताना साठीची बाई माझ्या कोपराजवळ येऊन उभी राहिली. तिचा जबडा आधी नुसताच हलला, मग शब्द आले.

“ओरडत नाही कोणी.”

अर्ध्या तासापूर्वी मी तिला विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होते. तोवर मावशीने ते देऊन टाकले होते आणि मी लिहूनही घेतले होते.

“आमचं,” ती म्हणाली, आणि पुन्हा बराच वेळ गेला, “आमच्या आधी बोलतात.”

“चला, आम्हाला भूक लागली,” मावशी म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी आकडे मांडले. प्रतिसादाला लागणारा वेळ मी नेहमी टिपते. घाईने दिलेले उत्तर पढवलेले असू शकते. दोनशे सोळा उत्तरांपैकी दोनशे अकरा प्रतिनिधीची होती. प्रत्येकाला चौदा सेकंद लागले होते. सोप्या प्रश्नाला चौदा आणि अवघडालाही चौदा. शेवटचे फॉर्म भरताना मावशी दमलेली होती, तेव्हाही चौदाच.

माणूस इतका नियमित नसतो. ठिबकणारा नळदेखील नसतो.

मी घड्याळ तपासले. सहकाऱ्याकडचे घड्याळ मागून शेजारी ठेवले. दोन्ही बरोबर होती. मग मी स्वतःला समजावले, की मावशी मनात काहीतरी म्हणत असावी, एखादे कडवे, आणि ते संपले की उत्तर देत असावी. हा खुलासा बरा होता. त्यात एकच उणीव होती. फॉर्मांच्या समासांत मी, नेमके का ते मला आता आठवत नाही, मागे उभ्या असलेल्या बाईच्या हालचाली पेन्सिलीने टिपल्या होत्या. नऊपैकी सात जणींसमोर एकच नोंद होती: ‘गिळते’. उत्तराच्या एक सेकंद आधी मागची बाई आवंढा गिळत होती, जणू तिच्या तोंडाशी आलेले काही परत गेले.

त्याच आठवड्यात मला माझ्या एका तपासणीसाठी दवाखान्यात जायचे होते. तिथल्या फॉर्मवर एक ओळ होती: ‘आपण उत्तर देऊ शकत नसल्यास आपल्या वतीने कोणी बोलावे?’ दरवर्षी मी त्या ओळीवर रेघ मारते. या वेळी तिथल्या मुलीने विचारले, “कोणीच नाही का लिहायचं? बहीण, भाची, शेजारीण?”

“गरज पडलेली नाही,” मी म्हटले.

“पडते तेव्हा सांगता येत नाही ना पण,” ती म्हणाली. तिचे बरोबर होते.

५

दुसऱ्या भेटीची पूर्वसूचना द्यायची नसते. बुधवारी दुपारी दोनला, विश्रांतीच्या तासाला, मी फाटक उघडले. कार्यालयात व्यवस्थापिका नव्हत्या. फळ्यावर ‘बैठकीस बाहेर’ असे लिहिले होते, आणि त्याखाली धाकट्या मावशीची रजा.

बोळातून जाताना दिवाणखान्यातून मोठ्या मावशीचा आवाज येत होता.

“आम्ही जेवलो. आम्ही भात संपवला. आम्हाला आता निजायचंय.”

ती कोणाशी बोलत असावी, असा विचार करत मी चालले होते. बोळाच्या मध्यावर अंगणाकडे उघडणारी खिडकी आहे. अंगणात मोठी मावशी ओल्या चादरी वाळत घालत होती. माझ्याकडे तिची बाजू होती. दातांत तिने कपड्यांचे चिमटे धरले होते, तीन किंवा चार, आणि एकेक काढून दोरीवर लावत होती.

“आम्हाला खिडकी नको उघडी,” दिवाणखान्यातला आवाज म्हणाला. “वारा लागतो.”

मी उभी राहिले. हा क्षण मी नंतर अनेकदा तपासला आहे. चादर दोरीवर पडल्याचा ओला फटका मला ऐकू आला, म्हणजे अंगणातले आवाज आत येत होते. त्या अर्थी अंगणातला आवाज भिंतीवर आपटून दिवाणखान्यातून आल्यासारखा वाटणे शक्य होते. पण चार चिमटे दातांत धरून ‘वारा’ म्हणता येत नाही. मी घरी करून पाहिले. ‘व’ला ओठ लागतात.

मी दिवाणखान्याचे दार ढकलले. नऊ बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. कोणाचेही तोंड उघडे नव्हते. मला पाहून तो आवाज बंद पडला असता तर मला बरे वाटले असते. चोरी पकडली गेली की चोर थांबतो. तो थांबला नाही. तो पुढे बोललाच.

“बाई आल्या,” तो म्हणाला.

मी रेडिओ शोधला. टेबलाखाली वाकून पाहिले, पडद्यामागे पाहिले, खेळण्यांचे काचेचे कपाट उघडून पाहिले. नऊ जणींच्या नजरा माझ्याबरोबर फिरत होत्या. फक्त ताई माझ्याकडे पाहत नव्हती. ती समोर, त्या कपाटाच्या काचेत पाहत होती.

६

मावशी पदराला हात पुसत आत आली. “अगंबाई, तुम्ही? कळवायचं तरी.” आवाज नेहमीसारखा घोगरा.

“आत्ता इथे कोण बोलत होतं?”

“कोण बोलणार? मी बाहेर होते.” तिने एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि मला पहिल्यांदाच असे वाटले की तिलाही ते नक्की ठाऊक नाही. “मी दिवसभर बोलतच असते हो. कधी कधी मलाच कळत नाही, तोंड मिटलं की नाही.”

“तुम्हाला सुटी असते का?”

“असते की. मी जात नाही. घरी जाऊन काय बोलू? सवयच गेली माझं माझं बोलायची.” तिने खाली पाहिले. “मी, म्हणजे मी एकटी, असं शेवटचं कधी म्हटलं आठवत नाही. त्या खुर्चीतच म्हणते तेवढं.”

मला तिच्याविषयी काहीतरी वाटले. ते नेमके काय, हे मी लिहू शकत नाही. मी कामाकडे वळले. प्रतिनिधीचे उत्तर पडताळायचे तर रहिवाशाला तिच्या जागेवरून काय दिसते ते पाहावे लागते. हे पद्धतशास्त्र आहे. ताई त्या काचेत काय पाहते, ते मला पाहायचे होते. इतकेच कारण होते, असे मी अहवालात लिहिले असते.

दुसरेही एक होते. मावशीने ताईला उठवले, खुर्चीवर हात फिरवला आणि म्हणाली, “बसा. आपण दोन मिनिटं टेकू.”

व्यवस्थापिकांचे ‘आपण’ आदराचे होते. ते मला हातभर लांब ठेवत होते. मावशीचे ‘आम्ही’ मला दाराबाहेर ठेवत होते. हे ‘आपण’ निराळे होते. त्यात ती होती, त्या नऊ जणी होत्या, आणि मीही होते. मी आठवून पाहिले. असे ‘आपण’ मला शेवटचे कोणी म्हटले, ते माणूस जाऊन अकरा वर्षे झाली आहेत.

मी बसले.

खुर्ची उबदार होती. समोर कपाटाची काच, काचेत मी, आणि माझ्यामागे ताई. मावशी बाजूला, माझ्या उजवीकडे, स्टुलावर. तिचे दोन्ही हात मांडीवर. ताईचे दोन्ही अंगठे मुठींत, मुठी छातीशी. हे मी मोजले, कारण मला माझ्या डाव्या खांद्याशी खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकलेला जाणवत होता, आणि तो कोणाचा असू शकतो याचा हिशेब लागत नव्हता. काचेत त्या ठिकाणी पडद्याची सावली होती. मान वळवून पाहणे सहज शक्य होते. मी वळवली नाही.

“विचारा की प्रश्न,” मावशी हलकेच म्हणाली.

काचेतल्या ताईकडे पाहत मी विचारले, “ताई, तुम्हाला इथेच राहायचं आहे का?”

मी थांबले. घड्याळ पिशवीत होते, पण वेळ माझ्या अंगात होता. मग काचेत ताईचे ओठ हलले. स्पष्ट हलले. जीभ वरच्या दातांमागे टेकली आणि सुटली, मग ओठ गोल झाले. ‘नको’ या शब्दाला आवाज नसला तरी तो तसाच दिसतो.

त्याच क्षणी खोलीत कोणीतरी म्हणाले, “हो.”

मावशीचे तोंड मिटलेले होते. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते.

माझा घसा खरखरत होता, बोलून झाल्यावर खरखरतो तसा.

७

गुरुवारी सकाळी मी चावीवाल्याच्या टपरीकडे चालत निघाले. आदल्या संध्याकाळी घरी पोहोचल्यावर मी अहवालाचा मसुदा लिहायला बसले होते. एक वाक्य लिहून झाले होते: ‘सदर रहिवासी व्यक्तीने तेथे राहण्यास नकार दिला आहे.’ मी ते मोठ्याने वाचून पाहिले नाही. माझ्या घरात मोठ्याने बोलण्याचे कारण नसते. फोनही केला नाही. मी स्वतः येऊन सांगेन असे म्हटले होते, आणि शब्द पाळण्याची मला सवय आहे.

पहिली तारीख परवावर होती. वेळ पुरेसा होता.

टपरी चौकाच्या कोपऱ्यावर, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. फळीवर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या चाव्या. चावीवाला कानस चालवत होता. मला पाहून त्याने ती खाली ठेवली आणि हसला.

“या मॅडम. तुम्ही कशाला त्रास घेतला? कालच्या फोननं माझा जीव भांड्यात पडला बघा. बायकोलापण सांगितलं. रात्रभर ती रडली, पण म्हणाली, सुखात असतील तर राहू द्या. आज आठ वाजता जाऊन सही करून आलो.”

मी विचारले, “कोणाचा फोन?”

तो अजून हसत होता, पण आता माझ्या तोंडाकडे पाहत होता. कोणी बोलेल म्हणून वाट पाहावी, तसा.

“मी फोन केला नाही,” मी म्हटले. “ती नको म्हणाली आहे. मी पाहिले आहे. आत्ताच्या आत्ता जा आणि तिला घेऊन या.”

हे मी उच्चारले, याविषयी मला शंका नाही. टाळूला शब्द लागले, छातीतून हवा गेली. रस्त्यावरून एक सायकल गेली आणि तिची घंटा मला नीट ऐकू आली. माझ्या वाक्याविषयी तसे मला सांगता येत नाही.

चावीवाल्याचे हसू हळूहळू बदलले. ते वाईट नव्हते. रविवारी दिवाणखान्यात शिरताना तो चेहऱ्यावर जे हसू आणत असेल, ते असावे. समंजस, थोडे मोठे, घाई नसलेले. त्याने फळीखालून स्टूल ओढून माझ्यापुढे ठेवले.

“बसा हं मॅडम. निवांत बसा.”

मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले. मग मी पिशवीतून मसुद्याचा कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो हळुवार हाताने घेतला, घडी घातली आणि माझ्या पिशवीत परत ठेवला, जसा आपण एखाद्याचा रुमाल ठेवतो. त्यानंतर त्याने मान वर केली आणि माझ्या डाव्या खांद्याच्या वर, थोडे मागे पाहिले.

“काल फोनवर चांगल्या बोलत होत्या की,” तो म्हणाला. “आम्हाला वाटतं, आमचं मत असं आहे, असं म्हणत होत्या. मला वाटलं, ऑफिसच्या वतीनं बोलतायत.” त्याने आवाज खाली आणला. “आता मॅडम काय म्हणतायत?”

चपला दुरुस्त करणाऱ्याने हातोडी थांबवून वर पाहिले. त्यानेही तिकडेच पाहिले, माझ्या मागे.

“म्हणतायत, तुम्ही योग्य केलंत,” उत्तर आले. आवाज बारीक, सपाट, दम न लागलेला. “ताई सुखात आहे.”

चावीवाल्याने डोळे मिटले. आठ महिन्यांचे ओझे उतरलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या क्षणी पाहिले. तो चेहरा विझवून टाकावा असे कोणाला वाटणार नाही. मला ते करायचे होते, आणि मी तोंड उघडून उभी होते.

“देव बरं करो तुमचं,” तो म्हणाला. “पाणी चालेल का यांना? उन्हातनं आल्यात.”

“चालेल. आम्ही सकाळपासून काही घेतलेलं नाही.”

ते खरे होते.

त्याने माठातून ग्लास भरला, कडेचे थेंब बोटाने निपटले आणि माझ्या खांद्यावरून मागे दिला. ग्लास पुढे आला तेव्हा तो माझ्या ओठांच्या उंचीवर होता.